चांगल्या गुडघ्यावरची पट्टी

माझा स्वभाव चिडका आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी तक्रार करायला नको. उभा जन्म मुंबईच्या सरकारी इस्पितळात नर्स म्हणून गेला, शेवटी शेवटी एका वॉर्डाची सिस्टर इन्चार्ज होते, आणि कुणाचं चुकीचं बांधलेलं बँडेज दिसलं की माझं तोंड आपोआप उघडतं. निवृत्त होऊन पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या घरी कायमची राहायला आले तरी ती खोड गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातला प्रकार.

इथे आले आणि पहिल्याच वर्षी खांदा आखडला. खांदा कॉलनीत राहून दुसरं काय होणार, असं शेजारीण म्हणाली आणि स्वतःच खूप हसली. मग मी रोज सकाळी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊन बसू लागले. तिथल्या बाकावर समोर एक माणूस बसायचा. साठीचा, रुंद छातीचा, हाताची दोन बोटं वाकडी, अंगात कुठल्यातरी स्पर्धेचा धुवून पांढरा झालेला टी-शर्ट. आत येताना तो डाव्या पायाने लंगडायचा, आणि क्रेपची पट्टी मात्र उजव्या गुडघ्याला. मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"अहो, पट्टी चुकीच्या पायाला बांधलीत तुम्ही."

त्याने गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाय सिस्टर. पट्टी बराबर हाय."

"मी सिस्टर आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"असा बोलनारी दुसरी कोन असंल?"

दवाखान्यातले सगळे हसले. मी घरी येऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी त्यानेच समजावून सांगितलं. तो कबड्डीचा खेळाडू. मूळचा जासई गावचा, भातशेतीतल्या घरातला. एका मोठ्या कंपनीने त्याला केवळ खेळण्यासाठी नोकरीवर घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ सराव करायचा, मोसमात गावोगाव सामने खेळायचे, आणि पगार त्याचाच. तो चढाईचा गडी होता. भर तारुण्यात डावा गुडघा गेला, तरी पुढे कित्येक वर्षं तो त्याच गुडघ्यावर खेळला, आणि खेळला तो या पट्टीच्या जिवावर.

"चढाईला गेला ना, का समोरचे सगले पायाकरं बघतान," तो म्हणाला. "पट्टी दिसली का तेच पायावर झडप घालतान. दुखऱ्या पायाला पट्टी बांधली तर मी तिथंच मेलो. म्हनून चांगल्या पायाला बांधायची. धरू दे चांगला पाय! त्यात जोर असतो, त्यांना ओढीत मधल्या रेषेवर यायचो."

"बरं. पण आता कोण धरणार आहे तुम्हाला?"

"समोर कोन ना कोन असतोच, सिस्टर. ज्या दिवशी समोर कोनी नसंल, त्या दिवशी खऱ्या पायाला बांधीन."

मला हे बोलणं आवडलं. मी तसं दाखवलं नाही, उलट म्हणाले की हा शुद्ध खोटेपणा आहे. तो म्हणाला, "हाय ना. खेल हाय तो."

लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे, पण तोंडावर कधी म्हटलं नाही. मी शेवटपर्यंत 'अहो' आणि 'तुम्ही'च म्हणत राहिले. तो मात्र महिन्याभरात सिस्टरवरून 'बाय'वर आला आणि 'तुमी'वरून 'तू'वर. त्याच्या गावात घरच्या बाईला, बहिणीला, मुलीला, सगळ्यांनाच बाय म्हणतात. त्यामुळे या बायचा अर्थ काय घ्यायचा, हे मला बरेच दिवस कळेना.

त्याची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. कॉलनीत कंपनीच्या काळात घेतलेल्या एका खोलीत तो एकटा राहायचा आणि संध्याकाळी मैदानावर मुलींना कबड्डी शिकवायचा. गावी बहीण होती. माझाही नवरा जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा इस्रायलला. आम्ही इथले यहुदी, बेने इस्रायली. घरात मराठीच बोलतो, कोकणातलंच खातो, पण पिढीमागून पिढी तिकडे निघून गेली. माझे दीर, नणंदा, भाचे, शेजारपाजार, सगळे गेले. मी राहिले, कारण माझी नोकरी होती, आणि नंतर मी राहिले कारण मी राहिले. एवढंच कारण होतं.

पहिल्यांदा माझ्या घरी आला तेव्हा तो पिशवीतून जिवंत चिंबोऱ्या घेऊन आला. जासईहून मुद्दाम आणलेल्या, दोरीने नांग्या बांधलेल्या. मी दारातच थांबवलं. "आम्ही खात नाही खेकडे. खवल्याचा मासा चालतो, हे चालत नाही." त्याचं तोंड इतकं उतरलं की मला कसंसंच झालं. त्याने त्या शेजारणीला देऊन टाकल्या, आणि तेव्हापासून ती शेजारीण आमच्या बाजूची झाली. पुढच्या वेळी त्याने बोय आणली, प्रत्येकीची खवलं मला दाखवत. "बघ, हायेत ना? मोजून घे."

शनिवारी आमचा शब्बाथ, विसाव्याचा वार, त्या दिवशी मी चूल पेटवत नाही. हे कळल्यावर दर शनिवारी सकाळी तो यायचा, न बोलता गॅस पेटवायचा, चहा टाकायचा, मला कप द्यायचा आणि आपला घेऊन गॅलरीत बसायचा. वास्तविक तेही आमच्या नियमात बसत नाही. पण माझ्या आयुष्यात माझ्यासाठी सकाळचा चहा कुणी केला नव्हता, नवऱ्यानेही नाही. तेव्हा मी नियमांच्या बाबतीत जरा ढिली पडले. देव बघून घेईल म्हटलं.

कॉलनीत बोलणं झालंच. इमारतीखाली खुर्च्या टाकून बसणाऱ्या पुरुषांनी 'म्हातारचळ' हा शब्द माझ्या कानावर पडेल अशा बेताने उच्चारला. मी थांबून त्यांच्यापैकी एकाला त्याच्या मधुमेहाची गोळी घेतली का ते विचारलं, मोठ्याने. परत कुणी बोललं नाही. आपलं प्रेम आहे असं आम्ही कधी म्हटलं नाही, पण मला ते होतं. साठीला टेकलेल्या बाईला जितकं असू शकतं त्याहून जास्तच होतं. सकाळी केस विंचरताना मी आरशात बघू लागले होते, यावरून काय ते समजा.

रोज संध्याकाळी त्याचा सराव संपला की आम्ही रिक्षा करून वडाळे तलावावर जायचो आणि काठाने फिरायचो. अर्धी फेरी झाली की तो बाकापाशी थांबायचा. "थांब बाय. गुडगा." मग डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बसायचा, पाण्याकडे बघत. मी बडबड करायचे: वजन कमी करा, मांडी घालून बसू नका, पायाचे व्यायाम करत नाही तुम्ही. घरी मी त्याच्यासाठी तेल गरम करून ठेवायचे आणि तो गुडघा माझ्या हाताने चोळायचे. वाटी सरकलेली, हाड वर आलेलं, तो गुडघा मला माझ्या तळहातासारखा पाठ झाला होता. हळूहळू तो अर्ध्या फेरीच्या आधीच थांबू लागला. मग पाव फेरीला. मी म्हटलं, ऑपरेशन करून घ्या. तो म्हणाला, बघू.

त्याच सुमारास मुलाचा फोन आला. सून गरोदर होती, पहिलं बाळ. आई, आता तू कायमचीच ये, असं त्याचं म्हणणं. इथलं घर विकून टाक, तिकडे म्हातारपणी सरकार बघतं, डॉक्टर चांगले आहेत. तिथे बसून तो मला पनवेलात कसं राहावं आणि पनवेल कसं सोडावं, दोन्ही शिकवायचा. उंटावरून शेळ्या हाकायची त्याला लहानपणापासून सवय. पण तो चुकीचं काही बोलत नव्हता. नातवंड कोणाला नको असतं? आणि तरीही मला जायचं नव्हतं. मला इथेच, या लंगड्या माणसाबरोबर राहायचं होतं. दर शनिवारी त्याच्या हातचा चहा प्यायचा होता. त्यासाठी त्याने एकदा 'राहा' म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द मला हवा होता, आणि तो मागायची मला लाज वाटत होती.

शेवटी लाज सोडून तलावाच्या बाकावरच विचारलं. "मुलगा कायमची बोलावतोय. मी जाऊ की राहू?"

समोर एक बाई पोराला बदकं दाखवत होती. तिकडे बघत तो म्हणाला, "जा."

"जा म्हणजे?"

"जा म्हंजे जा. मना एकट्याची सवय हाय, बाय. तू रोज येतेस, रोज बोलतेस. हे खा, ते नको खाऊ. मना दम घ्यायला मिलत नाय."

मी उठले. एका शब्दाने बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा हे किती अवघड आहे. रिक्षात एकटी बसून घरी आले. त्याच्यासाठी पातेलीत काढून ठेवलेलं तेल मोरीत ओतलं आणि मुलाला फोन लावून सांगितलं, तिकीट काढ.

आमच्यात लांबच्या प्रवासाआधी घरी मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं रचलेलं ताट, आणि प्रवास सुखाचा व्हावा म्हणून प्रार्थना. प्रार्थनेला आमच्यातलेच दहा पुरुष लागतात. पूर्वी पनवेलात दहा काय, पन्नास जमायचे. आता अलिबागपासून ठाण्यापर्यंत फोन फिरवावे लागतात. त्या दिवशी ऐन वेळी नऊच आले. आम्ही दहाव्याची वाट बघत बसलो होतो, आणि दारात तो. हातात बहिणीच्या वाडीतले नारळ. त्याला मी बोलावलं नव्हतं, शेजारणीने सांगितलं असणार.

"मी चालंल?" त्याने एका म्हाताऱ्या काकांना विचारलं.

काका गडबडले. "तसं नाही मोजता येत हो."

"बरं, बरं," तो म्हणाला. "मी राखीव म्हनून बसतो."

तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. दहावा माणूस आला, प्रार्थना झाली. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी बघत होते. पट्टी उजव्याच गुडघ्याला. मलिद्याचा पहिला घास खाल्ल्यावर त्याला खोकला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "खोबरा अडकला," म्हणाला. मी पाण्याचा पेला त्याच्यासमोर आपटला. जाताना त्याने ताटाला हात लावून नमस्कार केला, मैदानाच्या मातीला करायचा तसाच. मला वाटलं आता तरी म्हणेल. तो म्हणाला, "तिकडं थंडी असंल. अंगावर नीट घे." आणि जिना उतरून गेला. विमानतळावर सोडायलाही आला नाही. गुडघा दुखतोय म्हणे.

मुलाचं घर समुद्राकाठच्या एका गावात, पाचव्या मजल्यावर. त्या घरातली एक खोली जाड भिंतींची आहे. सायरन वाजला की सगळ्यांनी तिथे जाऊन बसायचं. नात झाली. गोरी, टकली, रागीट. माझ्यावर गेली असं मुलगा म्हणाला. मी तिला न्हाऊ-माखू घालायचे, मराठीत बोलायचे, आणि सून हसायची. वाईट काहीच नव्हतं. पनवेलहून त्याचा मात्र रोज पहाटे 'शुभ सकाळ' यायचा, गुलाबाच्या फुलांचे फोटो. कधी दव पडलेलं, कधी हृदयाच्या आकाराचं. गडी कुठून शोधून काढायचा देव जाणे. मी उत्तर देत नव्हते. जा म्हणाला होता ना? मग आता गुलाब कशाला? रागात मी पक्की आहे, मला महिनोन्‌महिने राग पुरतो.

एके दुपारी नात झोपली होती आणि मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते. सहज फोन उघडला. त्याने स्टेटसला फोटो लावला होता. मुलींचा संघ कुठलीशी तालुक्याची स्पर्धा जिंकला होता. मुली चषक धरून उभ्या आणि मध्ये तो, अर्ध्या विजारीत. वाळला होता. मी म्हटलं, बरं झालं, वजन कमी केलं एकदाचं, माझं ऐकलं. मग माझं लक्ष गुडघ्याकडे गेलं. पट्टी डाव्या पायाला होती.

मला हसू आलं. एवढा शहाणा कधी झाला म्हटलं. आणखी एक वांगं चिरलं. मग सुरी हातातच राहिली. खेळ संपल्याशिवाय, समोर कुणी नसेपर्यंत जो पट्टी हलवणार नव्हता, त्याने ती हलवली होती. समोर कोण नव्हतं आता? मैदान तेच, मुली त्याच, कॉलनी तीच. तिथून गेलेली होते फक्त मी.

म्हणजे इतके दिवस समोर मी होते. त्याने मला पायाकडे बघायला लावलं होतं आणि मी बघत बसले होते. तलावावर बाकापाशी थांबायचा तेव्हा हात गुडघ्यावर असायचा, पण तोंड उघडं असायचं. ते आता मला लख्ख दिसलं. मलिद्याच्या दिवशीचा खोकला दिसला. उभा जन्म मी माणसांचे श्वास मोजले आणि याचा गुडघा चोळत बसले.

मी त्याच्या बहिणीला फोन लावला. आधी ती रडायलाच लागली. "बाय, त्यानं मना आन घातलीय. तुमाला नाय सांगायचा."

"सांगू नका. मी विचारते तेवढ्याला हो म्हणा. दुखणं छातीत आहे?"

"हां."

"मी इकडे यायच्या आधीपासून?"

"तुमी जायच्या लय आदी कललेला. मोठ्या हास्पिटलान नेलेला त्याला. आथा घरीच ठेवा बोलले."

मुलाला हे सांगणं सोपं नव्हतं. तो ओरडला नाही, शांतपणे बोलला, आणि तेच जास्त लागलं. "आई, त्यांना त्यांची माणसं आहेत. तू त्यांची कोण लागतेस?"

"कोणी लागत नाही," मी म्हणाले. "लागत असते तर मला कुणीतरी कळवलं असतं."

रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने तिकीट काढलं होतं. पोरगा वाईट नाही.

जासईत त्याच्या बहिणीचं घर हमरस्त्यापासून आत आहे. तरी कंटेनरचे ट्रेलर गेले की खिडकीच्या काचा थरथरतात. तो पुढच्या खोलीत खाटेवर होता. पाठीमागे उशा लावून बसवलेला, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. मला बघून त्याने आधी डोळे मिटले, जणू उघडल्यावर मी नसेन.

"कनाला आलीस?"

"पट्टी कुठल्या पायाला आहे ते बघायला."

मग मी भांडले. एवढ्या आजारी माणसाशी कुणी असं भांडत नाही, हे मला शिकवायची गरज नाही, मी दुसऱ्यांना ते शिकवत आले. पण मी भांडले. "मी काय समोरच्या संघातली होते? माझ्यापासून पाय लपवायचा होता तुम्हाला? मी नर्स आहे हो, मी हेच काम केलंय जन्मभर!"

"म्हनूनच," तो म्हणाला. एकेक शब्दामागे थांबत होता. "तू राह्यली असतीस तर परत वॉर्डान असल्यासारखी बसली असतीस. तिकडं तुजी नात होती. मना वाटला, तू रागानं जाशील, आन रागान असलीस का तुना माजी आठवन येनार नाय."

"आली," मी म्हणाले. "रोज आली. तुमचे ते भिकार गुलाब एकही मी पुसला नाही."

तो रडला. मीही रडले. बहीण आत चहा करत होती, तिथून तिचंही नाक ओढल्याचा आवाज आला. शहाणी बाई, तिने चहा बराच वेळ उकळू दिला.

नंतरचे दिवस आमचे होते. मी त्याला एकच अट घातली होती: कुठे दुखतं ते खरं सांगायचं. त्याने ती पाळली. बाय, इथं. बाय, पाठीन. बाय, आज भीती वाटतेय. हेही त्याने सांगितलं, आणि ते सांगायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी अंग पुसायचे, औषध द्यायचे, उशा फिरवायचे. डाव्या गुडघ्याला तेलही लावायचे, आता त्याचा काही उपयोग नव्हता तरी. शनिवारी त्याची बहीण मला चहा करून द्यायची. त्याने तिला सांगून ठेवलं होतं, शनवारी बाय गॅस पेटवीत नाय. मैदानावरच्या मुली एकदा भेटायला आल्या. आत येण्याआधी प्रत्येकीने उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. तो त्यांना काही बोलू शकला नाही, नुसता एकेकीच्या पायांकडे बघत राहिला.

गावातल्या बाया येऊन बसायच्या. एकीने मला विचारलं, "तुमी त्याच्या कोन?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात खाटेवरून तोच म्हणाला, "माजी बाय हाय." त्या गावात हा शब्द बहिणीला लागतो, मुलीला लागतो, कुणालाही लागतो. पण त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला, आणि सरकून मला खाटेजवळ जागा करून दिली.

शेवटच्या दिवशी सकाळपासून त्याची नखं निळी होत चालली होती. छातीचा भाता वरवर चालला होता. हे काय असतं ते मला कुणी सांगायला नको होतं, आणि मला ते कळतंय हे त्यालाही कळत होतं. जेवणं झाली होती. बहीण मागे भांडी घासत होती. त्याने बोटाने मला जवळ बोलावलं.

"बाय. गुडगा दुकतंय."

"कुठला?"

"उजवा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. "पट्टी बांध."

अट मोडली होती त्याने. चांगला गुडघा पुढे केला होता, मी तिकडे बघावं म्हणून. छातीकडे बघू नये म्हणून. मी भिंतीवरच्या खिळ्याला लावलेली क्रेपची पट्टी काढली, पायाशी बसले आणि उजव्या गुडघ्याला बांधू लागले. नीट बांधली. खालून वर, वाटी मोकळी ठेवून, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर, जशी मी नव्या नर्सांना शिकवायचे. फार वेळ लावला. मान वर केली नाही. माझ्या डोक्यावर त्याचा हात आला, त्याला वजनच नव्हतं.

"आथा बरा वाटला," तो म्हणाला.

पट्टीचं टोक खोचून झालं तेव्हा तो हात माझ्या डोक्यावरून घसरून खाटेवर पडला होता. मी बहिणीला हाक मारली. अंघोळ घालताना तिने पट्टी सोडायला घेतली. मी म्हटलं, असू द्या. तिने टोक परत खोचून दिलं.

आता मी परत खांदा कॉलनीत आहे; घर विकायचं राहूनच गेलं होतं. वडाळे तलावावर जाते, पूर्ण फेरी मारते, मध्ये त्या बाकावर बसते. संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसते. मुलींचे घोटे मुरगळतात, कोपरं सोलतात, कुणीतरी बघायला हवं. शनिवारी शेजारीण येऊन गॅस पेटवते. चहा ती फार गोड करते, मी दर वेळी सांगते, ती ऐकत नाही.

मुलाचा व्हिडिओ कॉल आठवड्यातून दोनदा येतो. नात आता बसायला लागली आहे. परवा तो म्हणाला, "आई, आता तर तिथे काही उरलं नाही. आता ये ना." लहान असताना विचारायचा तसंच विचारलं त्याने. त्याला मी काय सांगणार होते? माझं काय दुखतंय ते पाचव्या मजल्यावरच्या पोराला सांगून त्याची झोप कशाला उडवू?

"येणारच होते रे," मी म्हणाले, "पण गुडघ्याने घोळ घातलाय. डॉक्टर म्हणतात इतका वेळ विमानात बसायचं नाही." आणि फोन खाली धरून त्याला उजव्या गुडघ्यावरची पट्टी दाखवली.

"अरे बापरे," तो म्हणाला. "फार दुखतो का?"

"दुखतो," मी म्हणाले. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.